कव, वहिवाट आणि समुद्राचा नकाशा

'कवींचा वाद' हे शब्द वर्तमानपत्रात दिसले की मराठीच्या अभ्यासकाला एखादे संमेलन, एखादे नियतकालिक किंवा एखादी पुरस्कारसमिती आठवावी, हे स्वाभाविकच आहे. पालघर-वसईकडच्या बातम्यांत मात्र हे शब्द निराळ्याच अर्थाने येतात. तेथे 'कव' हा स्त्रीलिंगी शब्द आहे. समुद्राच्या तळात खुंट रोवून त्याला डोल जाळे बांधतात. ही खुंटाची मांडणी आणि तिची ठरलेली जागा म्हणजे कव. 'कव मारणे' हे तेथले क्रियापद आणि 'कवी' हे अनेकवचन. वसई-उत्तन बाजूच्या डोलधारकांनी आपल्या गावांसमोरच्या हद्दी ओलांडून सातपाटी-डहाणूसमोरच्या पाण्यात कवी मारल्या, आणि त्यामुळे आपल्या वाहत्या जाळ्यांना जागा उरली नाही, अशी उत्तरेकडच्या मच्छीमारांची तक्रार आहे. समुद्र कोणाच्याही नावावर नाही, हे त्यावरचे सोयीचे उत्तर. हा वाद कित्येक वर्षे चालू आहे. बैठका होतात, समजुती होतात, हंगाम येतो आणि वाद पुन्हा उभा राहतो.

मराठीच्या कोशात आणि मराठीच्या वर्गात या शब्दाला फारसे स्थान नाही, याची आम्हांला खंत वाटते. परंतु प्रस्तुत लेख त्या खंतीपुरता नाही. ज्या गोष्टीला जगभर गेली काही दशके 'मरीन स्पेशियल प्लॅनिंग' म्हटले जाते, आणि जिची भाषा आता आपल्याकडच्या शासकीय कागदांतही शिरली आहे, तिच्याशी या एका शब्दाचा फार जवळचा संबंध आहे असे आम्हांला वाटते. समुद्राचा नकाशा आखण्याचे काम आपल्या किनाऱ्यावर कधी ना कधी होणार. त्या नकाशात कव असेल की नसेल, हा आमचा प्रश्न आहे.

आम्ही जळगाव आणि धुळे येथे मराठी शिकवतो. समुद्र येथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. तेव्हा खानदेशातल्या मास्तरांनी समुद्राविषयी बोलण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईलच. आधी मूळ कल्पना काय आहे ते पाहू.

कल्पना साधी आहे. जमिनीवर नगररचनेचा आराखडा असतो. वस्ती कोठे, कारखाना कोठे, मोकळी जागा कोठे, हे त्यात आधी ठरते, निदान ठरावे अशी अपेक्षा असते. समुद्रावर असे काही नव्हते. एकेक खाते आपापल्या कामापुरती परवानगी देत गेले. ऑस्ट्रेलियाने १९७५ साली ग्रेट बॅरिअर रीफसाठी कायदा केला आणि त्या प्रवाळक्षेत्राची विभागणी सुरू केली. २००४ साली त्या विभागणीची फेरमांडणी झाली, तेव्हा सुमारे एकतृतीयांश क्षेत्रात मासेमारी पूर्णतः बंद करण्यात आली. युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाने २००९ साली अशा नियोजनाची पायरीपायरीने वाटचाल सांगणारी मार्गदर्शिका काढली. युरोपीय संघाने २०१४ साली निर्देश काढून आपल्या किनारी सदस्यदेशांना मार्च २०२१ पर्यंत असे आराखडे तयार करायला सांगितले. आराखडा करताना शेजारच्या देशांशी विचारविनिमय केला पाहिजे, ही त्या निर्देशातली महत्त्वाची अट आहे. भारतात २०१९ साली नॉर्वेशी झालेल्या सागरविषयक सहकार्यातून पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप येथे या नियोजनाचे पहिले प्रयोग हाती घेण्यात आले.

आपल्या समोरचा अरबी समुद्र पाहिला की असा आराखडा का हवा हे कळते. १९७४ साली मुंबई हाय येथे तेल सापडले, १९७६ पासून ते काढले जाऊ लागले. तेलाच्या फलाटांभोवतीच्या पाण्यात मासेमारीला मज्जाव असतो. मुंबई आणि न्हावा-शेवा या बंदरांकडे येणाऱ्या जहाजांचे मार्ग त्याच पाण्यातून जातात. तळाशी तेलवाहिन्या आहेत, दूरसंचाराच्या तारा आहेत. किनाऱ्यालगत डोल आहेत, त्यापुढे वाहती जाळी, त्यापुढे ट्रॉलर आणि पर्ससीन. सिंधुदुर्गात कर्नाटकातल्या मलपीहून येणाऱ्या वेगवान ट्रॉलरांविषयी तक्रार असते, तर उत्तरेला वर सांगितलेला कवींचा वाद. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ सालचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालणारा आदेश निघाला, २०२१ साली कायद्यात दुरुस्ती झाली. परंतु राज्याची हद्द बारा सागरी मैलांपर्यंत. त्यापलीकडचे पाणी दोनशे सागरी मैलांपर्यंत केंद्राच्या अखत्यारीत. पापलेटाला या रेषा ठाऊक नाहीत. ज्या माशाला महाराष्ट्राने २०२३ साली राज्यमाशाचा मान दिला, त्याची पिल्ले एका राज्याच्या पाण्यात वाढतात आणि दुसऱ्या राज्याच्या जाळ्यात सापडतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी असते. तरी केरळात ट्रॉलरवरची बंदी ५२ दिवसांची. समुद्र एक आणि पंचांगे अनेक, अशी ही स्थिती आहे.

तेव्हा नियोजन हवे, आणि ते राज्याराज्यांनी मिळून केलेले हवे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. आमचा आक्षेप त्याच्या भाषेपासून सुरू होतो.

या संज्ञेला मराठीत 'सागरी अवकाशीय नियोजन' असा प्रतिशब्द दिला जातो. भाषांतर म्हणून त्यात चूक काढता येणार नाही. पण शब्द आपल्याबरोबर आपली छाया घेऊन येतात. 'अवकाश' म्हटले की मराठी वाचकाच्या मनात पोकळी येते, रिकामी जागा येते, आकाशापलीकडचे काही येते. जेथे कोणी राहत नाही, जेथे अद्याप काही घडलेले नाही, तेथे आता आपण काही मांडणार आहोत, असा भाव त्या शब्दातच आहे. कव मारणाऱ्याच्या लेखी समुद्र रिकामा नसतो. अमुक गावाच्या कवी अमुक वाव पाण्यात, तमुक गावाच्या त्यापलीकडे. उधाणाला प्रवाह असा जातो आणि भांगाला तो असा मंदावतो. येथे तळ चिखलाचा, तेथे खडक. हे सगळे भरलेले आहे. नावांनी भरलेले आहे. या नावांचा कागद नाही, एवढाच काय तो फरक.

मराठीत याला एक फार चांगला शब्द आहे, आणि तो कचेरीतलाच आहे: वहिवाट. जमिनीचा मालक कोण हे सातबारा सांगतो. पण त्या जमिनीवरून वर्षानुवर्षे कोण जाते, कोण गुरे नेते, कोण पाणी घेते, हे वहिवाट सांगते. कागदावर हक्क नसला तरी वापराने हक्क निर्माण होतो, ही जाण त्या शब्दात आहे. समुद्राला सातबारा नाही. म्हणून तेथे जे काही आहे ते सगळे वहिवाटीचे आहे. समुद्राचे नियोजन म्हणजे वहिवाटींची नोंद आणि त्यांच्यातला समझोता, अशी व्याख्या केली तर तिच्यात पहिल्या वाक्यापासून माणसे येतात. 'अवकाशीय नियोजन' म्हटले की माणसे नंतर, 'हितसंबंधी घटक' या नावाने, परिशिष्टात येतात.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी वाढवणकडे पाहावे. डहाणू तालुका जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, आणि १९९८ साली त्याने वाढवण येथे बंदर उभारण्याचा तेव्हाचा प्रस्ताव नाकारला. त्याच प्राधिकरणाने पुढे जुलै २०२३ मध्ये नव्या प्रस्तावाला अटींसह ना-हरकत दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदराला मंजुरी दिली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव टाकण्याची योजना आहे. बंदर व्हावे की न होावे याविषयी या लेखात आम्ही निकाल देऊ इच्छित नाही. त्याच्या बाजूने रोजगाराचा आणि व्यापाराचा युक्तिवाद आहे, आणि तो पोकळ नाही. आम्हांला दाखवायचे आहे ते हे की, समुद्रात भराव टाकल्याने कोणाची जमीन जात नाही, हा युक्तिवाद अशा प्रकल्पांच्या बाजूने सहजपणे केला जातो. जमीन जात नाही हे खरेच आहे. पण जे जाते त्याला आपल्या हिशेबात नाव नाही. १,४४८ हेक्टर शेती गेली असती तर गटनंबर असते, खातेदार असते, मोजणी असती, भाव असता. १,४४८ हेक्टर समुद्र जातो तेव्हा तेथल्या वहिवाटीचा पुरावा मच्छीमारानेच आणून द्यायचा असतो, आणि तो पुरावा त्याच्या तोंडी असतो. मोबदल्याची चर्चा मग बोटींच्या परवान्यांवर येऊन थांबते. परवाना बोटीचा असतो; किनाऱ्यावर बसून जाळी विणणाऱ्याचा, मासळी निवडणाऱ्या आणि सुकवणाऱ्या बाईचा नसतो.

आता खानदेशाविषयी.

मुलताईजवळ उगम पावणारी तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपुढे समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्याचे क्षेत्र ६५,१४५ चौरस किलोमीटर आहे, आणि त्यातले ५१,५०४ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ चारपंचमांश, महाराष्ट्रात आहे. वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर यांचे पाणी, आणि पूर्णेवाटे अकोला-बुलढाण्याचेही पाणी, तिच्यातूनच खंभातच्या आखाताच्या तोंडाशी पोचते. नदी समुद्राला पाणी देते, गाळ देते, आणि त्या गाळाबरोबर समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचे अन्न देते. नर्मदा, तापी, मही आणि साबरमती ज्या बाजूला येऊन मिळतात त्याच बाजूच्या उथळ, गढूळ पाण्यात बोंबील आणि जवळा यांची रेलचेल असावी, हा योगायोग नाही. आमच्या आठवडे बाजारांत गोणपाटावर सुकट आणि सुके बोंबील मांडलेले असतात. ज्या समुद्राला आपण दूरचा म्हणतो, तो दर आठवड्याला आपल्या दाराशी येऊन बसतो. आपणही त्याला रोज काही पाठवत असतो. १९७२ साली उकाई आणि १९८२ साली हतनूर धरण झाले. गाळ धरणांत अडला. त्याऐवजी शेतांतली खते, गावांचे सांडपाणी आणि प्लास्टिक खाली जाऊ लागले. समुद्राच्या नियोजनाची रेषा भरतीच्या खुणेपाशी सुरू होत असेल, तर ती चुकीच्या ठिकाणी सुरू होते. तिची सुरुवात भुसावळच्या पुलाखाली व्हायला हवी. जो आराखडा सुरतेच्या मच्छीमाराला बोलावतो पण रावेरच्या शेतकऱ्याला विसरतो, तो अर्धाच आराखडा होय.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. नियोजन नावाची गोष्ट खानदेशाला परदेशी मार्गदर्शिकेतून शिकावी लागत नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेवर आणि शेजारच्या मोसम, आरम या नद्यांवर जी फड बागायत काही शतके चालली, ती याच जातीची आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. पुढच्या खेपेस फेरपालट. पाणी कमी दिसले तर कोणता फड कोरडा ठेवायचा हे शेतकऱ्यांनी मिळून ठरवायचे. शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली, त्यामुळे एखादा फड कोरडा ठेवला तर त्याची झळ एकालाच न बसता सगळ्यांना थोडी थोडी बसायची. पाटावर देखरेख करायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, पाणी भरायला बारेकरी. त्यांचा मोबदला गावाने द्यायचा. जागेची वाटणी, काळाची वाटणी आणि तोट्याची वाटणी, या तिन्ही गोष्टी तिच्यात आहेत. समुद्रविज्ञानाच्या मार्गदर्शिकांत पहिल्या दोन गोष्टींविषयी पुष्कळ लिहिलेले असते. तिसरी गोष्ट, म्हणजे तोटा कोणी आणि कसा वाटून घ्यायचा, ही सर्वांत अवघड असते, आणि फडाचे खरे शहाणपण तेथेच आहे. पावसाळी मासेमारीबंदी हा एका अर्थी कोरडा ठेवलेला फड आहे. पण तेथे तोटा खलाशाने एकट्याने सोसायचा असतो.

फड पुढे का क्षीण झाला, हेही पाहिले पाहिजे. वरच्या अंगाला धरणे झाली, प्रवाह बदलला, विहिरी वाढल्या, ज्याला स्वतःचे पाणी मिळाले त्याला फडाची गरज उरली नाही. ही धरणे बांधणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्यापुढच्या नकाशात नदी होती, खडक होता, लाभक्षेत्र होते. गावाने आपसांत केलेली पाण्याची व्यवस्था नव्हती. जे नियोजन आधीपासून चालू होते, ते नियोजन म्हणून ओळखलेच गेले नाही. समुद्राच्या बाबतीत हेच पुन्हा घडण्याची शक्यता आहे, आणि आमची भीती नेमकी हीच आहे.

कव ही समुद्रातली फडव्यवस्था आहे, असे आम्ही म्हणू. ती निर्दोष आहे असे म्हणत नाही. फडातही सगळ्या जातींचा वाटा सारखा नव्हता, आणि कवीतही नसेल. जुन्या व्यवस्थांकडे पाहताना हळवे होण्याचा धोका साहित्याच्या लोकांना अधिक असतो, याची आम्हांला जाणीव आहे. शिवाय आज खुद्द कवीच वादाच्या मुळाशी आहेत, हे वर सांगितलेच. इंजिन आले, बोटी मोठ्या झाल्या, जवळचे मासे कमी झाले, आणि जुन्या हद्दी ज्या अंतराच्या आणि ज्या ताकदीच्या मापाने पडल्या होत्या ते मापच मोडले. म्हणूनच नव्या नियोजनाची गरज आहे. ते नियोजन जुन्या हद्दींची नोंद करून पुढे जाणार की त्या नव्हत्याच असे समजून, हा प्रश्न उरतो.

आणखी एक आक्षेप येतो, आणि तो आम्हांला सर्वांत बिनतोड वाटतो. मच्छीमारांच्या जागा आणि नावे कागदावर आणणे हे त्यांच्या हिताचेच ठरेल कशावरून? चांगल्या जागेची माहिती हे त्यांचे भांडवल असते, ती उघड केली की ट्रॉलरवाला तेथे आधी पोचेल. शिवाय तोंडी हद्द लवचीक असते, प्रवाह सरकला की तीही सरकते. कागदावरची रेषा सरकत नाही. आज नोंद झाली नाही तर उद्या हक्क नाही, असाही अर्थ काढला जाईल. इंग्रजी राजवटीतल्या जमाबंदीने गावोगावच्या वहिवाटींचे काय केले याचा इतिहास आपल्यापुढे आहे.

हा आक्षेप आम्ही मान्य करतो, आणि तरीही नोंद हवी असे म्हणतो. कारण नोंद न करण्याचा पर्याय आता उरलेला नाही. उपग्रहाने समुद्राची छायाचित्रे निघत आहेत, बोटींवर यंत्रे बसत आहेत, तळाची मोजणी होत आहे. नकाशा होणारच आहे. त्यात तेलवाहिनी असेल, जहाजमार्ग असेल, प्रवाळ असेल. फक्त कव नसेल, तर ती नव्हतीच असे ठरेल. तेव्हा प्रश्न नोंद कोणाच्या हाती राहील एवढाच आहे. ती मच्छीमार सहकारी संस्थांच्या ताब्यात असावी, कोणती जागा किती तपशिलाने दाखवायची हे त्यांनी ठरवावे, आणि ठराविक वर्षांनी ती फिरून तपासावी, अशा अटी घालता येतील. फडाचा फेरपालट पाहिलेल्या प्रदेशाला कागदसुद्धा फेरपालटाचा असू शकतो हे समजायला जड जाऊ नये.

राज्यांच्या सहकार्याविषयी थोडे. गुजरात, दमण, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक यांनी एकत्र बसून एका समुद्राचा एक आराखडा करावा, ही अपेक्षा सध्या तरी दूरची वाटते. पण ती भाबडी आहे असे आम्ही मानत नाही. बाल्टिक समुद्राचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९७४ साली त्या समुद्राच्या रक्षणासाठी हेलसिंकी येथे जो करार झाला, त्यावर सोव्हिएत संघ, पोलंड, पूर्व जर्मनी यांच्याही सह्या होत्या आणि पश्चिम जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड यांच्याही. शीतयुद्ध ऐन भरात होते. एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखलेल्या गटांना एका गढूळ होत जाणाऱ्या समुद्राविषयी एका टेबलापाशी बसता आले. आपल्याकडे १९९५ साली नवी दिल्लीत दक्षिण आशियाई समुद्रांविषयीचा कृतिकार्यक्रम भारत, पाकिस्तान, श्रीलंका, बांगलादेश आणि मालदीव यांनी स्वीकारला होता, याची आठवण आज फार थोड्यांना असेल. प्रत्यक्षात भारत आणि पाकिस्तान २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी एकमेकांच्या तुरुंगांतल्या कैद्यांच्या याद्या देतात, आणि त्या याद्यांत मच्छीमारांची नावे असतात. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून पालघर जिल्ह्यातली माणसे जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांतल्याच एकाचा पाकिस्तानी सागरी दलाच्या गोळीबारात मृत्यू झाला. समुद्रावरची रेषा न दिसणारी असते, पण तिच्यावर गोळी मात्र खरी सुटते. दोन देशांचे सोडाच, दोन राज्यांच्या मत्स्यखात्यांनी निदान बंदीचे दिवस, जाळ्याच्या आसाचे माप आणि पिल्लांच्या किमान लांबीचे नियम एक केले, तरी ती सुरुवात ठरेल. महाराष्ट्राने २०२३ साली किमान लांबीचा नियम ५४ जातींच्या माशांसाठी केला. शेजारी राज्याने तोच नियम तेवढ्याच काटेकोरपणे पाळला नाही, तर लहान पापलेट येथल्याऐवजी तेथल्या बंदरावर उतरेल, एवढेच.

मग साहित्याच्या माणसांनी काय करावे? मराठी साहित्यात समुद्र पुष्कळ आहे, परंतु तो बहुतेक किनाऱ्यावरून पाहिलेला आहे. तो विरहाचा समुद्र आहे, स्वातंत्र्याच्या तळमळीचा आहे, अनंताचे प्रतीक आहे. समुद्रावर काम करणारा माणूस मराठी वाचकाला सर्वाधिक जवळून भेटला तो पु. ल. देशपांड्यांच्या 'एका कोळियाने'मधून, आणि तो म्हातारा क्यूबाचा होता, हेमिंग्वेचा होता. त्याच्या जाळ्या-गळांची माहिती आपल्या विद्यार्थ्यांना असते. सातपाटीच्या डोलाची नसते. याउलट, समुद्राविषयी राज्यकर्त्याच्या दृष्टीने लिहिलेला एक श्रेष्ठ मराठी ग्रंथ आपण पदव्युत्तर वर्गात शिकवतो: रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र'. त्यातले आरमाराचे प्रकरण आपण गद्यशैलीचा नमुना म्हणून वाचतो. आरमारासाठी लाकूड लागेल ते तोडताना आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, त्याचा मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने घ्यावे, अशा आशयाची आज्ञा त्यात आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले हे गद्य आहे. सागरी सत्तेच्या मोठ्या कामापुढेही एका रयतेच्या झाडाची संमती लागते, हे ज्या भाषेत तीनशे वर्षांपूर्वी लिहिले गेले, त्या भाषेला 'हितसंबंधी घटकांशी सल्लामसलत' अशी निर्जीव वाक्ये उसनी घ्यावी लागावीत, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

आमची सूचना अगदी लहान आहे. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. राजवाडे गावांच्या आणि माणसांच्या नावांतून इतिहास शोधीत. त्यांच्या सगळ्या व्युत्पत्ती आज टिकणार नाहीत, पण नाव हा पुरावा असतो हा त्यांचा आग्रह टिकणारा आहे. मराठीचे विद्यार्थी प्रकल्प म्हणून म्हणी गोळा करतात, ओव्या गोळा करतात, बोलीचे नमुने घेतात. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांतील मराठी विभागांनी पुढची काही वर्षे समुद्रातल्या जागांची नावे गोळा करावीत: खडकांची, खाड्यांच्या तोंडांची, कवींच्या ओळींची, प्रवाहांची, वाऱ्यांची. आणि खानदेशातल्या विभागांनी नदीची करावीत: तापी-पांझरेच्या डोहांची, घाटांची, बंधाऱ्यांची, फडांची, पाटांची. गोळा केलेले प्रथम त्या त्या गावाला वाचून दाखवावे, त्याच्या संमतीने ठेवावे, आणि मग प्रसिद्ध करावे. दुसरे असे, की समुद्राविषयीचा कोणताही आराखडा मच्छीमाराला वाचता येईल अशा मराठीत प्रथम निघावा, आणि त्यावरच्या हरकती मराठीत ऐकल्या जाव्यात, ही मागणी भाषेच्या अध्यापकांनी लावून धरावी. तांत्रिक इंग्रजी मसुदा आणि त्याचा कोणालाही न कळणारा सारांश, एवढ्यावर जनसुनावणी उरकली जाते, तेव्हा तो अन्याय प्रथम भाषेचा असतो आणि नंतर हक्काचा होतो. हे काम मत्स्यशास्त्रज्ञांचे नाही. ते आपले आहे.

कवीचा वाद मिटेल की नाही हे आम्हांला सांगता येणार नाही. तो सातपाटी आणि वसईच्या माणसांनीच मिटवायचा आहे, आणि शासनाने त्यांना बसायला जागा द्यायची आहे. पण त्या बैठकीतल्या टेबलावर जो नकाशा पसरला जाईल, त्यावर त्यांची नावे त्यांच्या भाषेत लिहिलेली असावीत, एवढे तरी आपण मराठीचे लोक करू शकतो. पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या प्रकल्पांचे विषय ठरवताना त्याची सुरुवात करता येईल.